खाज क्लोरीनची की आपल्याच घामाची?

उन्हाळी शिबिरांच्या बॅचेस सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. पोहून आलेल्या मुलाच्या गुडघ्यामागे लाल चट्टे उठलेले असतात, पोटऱ्या इतक्या कोरड्या पडतात की नख ओढलं तर पांढरी रेघ उमटावी, आणि रात्री झोपेतही खाजवणं चालू असतं. यावरचं निदान ठरलेलं आहे: टँकमध्ये क्लोरीन फार टाकतात. आत शिरताच नाकात जाणारा उग्र वास हा त्याचा पुरावा मानला जातो. मग कुणी मुलाचं पोहणं थांबवतं, तर कुणी ‘क्लोरीन कमी करा’ म्हणून तलावाच्या व्यवस्थापकाच्या मागे लागतं. माझ्या मते हे निदान बऱ्याचदा उलटं असतं. ज्या पाण्याला असा वास येतो आणि ज्यात अंग चुरचुरतं, त्यात कामाचा क्लोरीन बहुधा कमी पडलेला असतो. तो कमी पडण्यात, पाण्यात उतरणाऱ्या आपल्या सगळ्यांचा मोठा वाटा असतो.

टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाका, द्रवरूप हायपोक्लोराइट ओता किंवा क्लोरीनच्या गोळ्या सोडा, पाण्यात शेवटी हायपोक्लोरस आम्ल तयार होतं आणि जंतू मारण्याचं खरं काम तेच करतं. ई-कोलायसारखा जीवाणू त्याच्यापुढे मिनिटभरही टिकत नाही. पण हे आम्ल फक्त जंतूंवर खर्च होत नाही. घामात आणि लघवीत युरियासारखे नत्रयुक्त पदार्थ असतात. त्यांच्याशी संयोग झाला की क्लोरामाइन नावाची संयुगं बनतात. त्यांची जंतू मारण्याची ताकद अगदीच कमी, पण डोळे, त्वचा आणि घसा चुरचुरवण्याची ताकद चांगलीच असते. यांतलं ट्रायक्लोरामाइन पाण्यात फारसं राहत नाही, ते हवेत येतं. ज्याला आपण क्लोरीनचा वास म्हणतो तो मुख्यतः याचाच, म्हणून छत असलेल्या तलावात तो जास्त कोंदतो. स्वच्छ, नीट राखलेल्या तलावाला फार वास येत नाही.

कामाचा क्लोरीन किती आणि क्लोरामाइन किती, हा फरक मोजता येतो, पण मोजण्याची रीत महत्त्वाची. गावात नळाचं पाणी तपासायला वापरतात तो क्लोरोस्कोप अनेकांनी पाहिलेला असेल. ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं आणि रंग जितका गडद तितका क्लोरीन जास्त. तलावासाठी ही चाचणी अपुरी आहे, कारण मुक्त क्लोरीन आणि क्लोरामाइनमध्ये अडकलेला क्लोरीन ती धड वेगळे दाखवत नाही. रंग गडद दिसतो आणि पाणी ठीक आहे असं वाटतं. डीपीडी गोळ्यांच्या चाचणीत पाणी गुलाबी होतं. पहिल्या गोळीने मुक्त क्लोरीन कळतो, पुढच्या गोळीने एकूण, आणि दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे अडकलेला क्लोरीन. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या मार्गदर्शनानुसार लिटरमागे मुक्त क्लोरीन किमान १ मिलिग्रॅम असावा आणि अडकलेला ०.४ च्या वर जाऊ नये. सामूही, म्हणजे पीएचही, ७ ते ७.८ च्या दरम्यान हवा. सामू ७.५ असताना मुक्त क्लोरीनपैकी जवळपास निम्मा भाग हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो, ८ झाला की जेमतेम पाव भाग उरतो. आपल्याकडच्या उघड्या तलावांत ऊन क्लोरीन झपाट्याने उडवतं, म्हणून पावडर पुन्हा पुन्हा टाकावी लागते आणि ही पावडर सामू आणखी वर चढवते. सामूकडे लक्ष न देता नुसती पावडर टाकत राहणारा कर्मचारी मेहनत करतो, पण पाणी सुधारत नाही.

मग क्लोरीन निर्दोष आहे का? नाही. त्वचेच्या वरच्या थरातला तेलकटपणा पाण्याने धुतला जातो आणि क्लोरीन त्यात भर घालतो. निरोगी त्वचेचा सामू ५ च्या आसपास असतो, तलावाच्या पाण्याचा ७ च्या वर. रोज दोन-दोन तास सराव करणाऱ्यांची त्वचा कोरडी होणारच, आणि ज्यांना मुळात एक्झिमा आहे त्यांना त्रास लवकर होतो. पण ही बहुतेक वेळा ॲलर्जी नसते, तो दाह असतो. तो किती होईल हे त्वचा किती वेळ भिजली आणि नंतर आपण काय केलं यावर बरंच ठरतं. एक्झिमाच्या काही रुग्णांना डॉक्टर अतिसौम्य ब्लीचच्या पाण्यात बसायला सांगतात. त्यात क्लोरीनचं प्रमाण लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे तलावापेक्षा कितीतरी जास्त. तरी ते सोसतं, कारण वेळ दहा मिनिटांचा असतो, मग अंग धुतलं जातं आणि लगेच मलम लागतं. (हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरी मुळीच करू नये.)

यातून उपाय आपोआप निघतो. पाण्यात उतरण्यापूर्वी मिनिटभर शॉवरखाली अंग चोळून धुवावं, तेवढ्यात अंगावरचा बराचसा घाम आणि मळ निघून जातो. कोपराच्या आत, मानेवर, जिथे लवकर चुरचुरतं तिथे व्हॅसलीनचा पातळ हात पुरतो. खोबरेल तेलाने अंग माखून उडी मारण्याची आपल्याकडची सवय मात्र सोडायला हवी. ते तेल पाण्यावर तरंगतं, फिल्टरमध्ये बसतं आणि क्लोरीन खातं. तेच खोबरेल पोहून आल्यावर लावा, उत्तम. बाहेर आल्यावर ओला कॉश्च्यूम अंगावर ठेवून नाश्त्याला बसू नये. कोमट पाण्याने, सौम्य साबणाने आंघोळ करावी, टॉवेलने खसाखसा न पुसता टिपावं आणि त्वचा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावं.

पाणीटंचाईच्या मार्चमध्ये प्रत्येकाने दोनदा शॉवर घ्यायचा का, हा आक्षेप रास्त आहे. पण मिनिटभराच्या शॉवरला अर्धी-पाऊण बादली लागते, आणि खराब झालेला तलाव सुधारायचा तर त्यातलं बरंच पाणी सोडून नवं भरावं लागतं. क्लोरीन टाळून खाऱ्या पाण्याचा तलाव निवडावा, असंही काही जण सुचवतात. तिथे यंत्र मिठापासून क्लोरीनच तयार करतं, त्यामुळे घामाशी होणारी क्रिया तिथेही चुकत नाही. क्लोरीन निष्प्रभ झाला की काय होतं हे २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये सगळ्यांनी पाहिलं: हायड्रोजन पेरॉक्साइड ओतल्याने क्लोरीन निकामी झाला आणि डायव्हिंगचा तलाव हिरवा पडला.

क्लोरीन कमी पडला की एक पुरळही येतो, आणि खापर पुन्हा क्लोरीनवरच फुटतं. स्यूडोमोनास नावाचा जीवाणू, विशेषतः कोमट पाण्यात, केसांच्या मुळांशी शिरतो. पोहल्यानंतर साधारण दिवसा-दोन दिवसांनी, बहुधा कॉश्च्यूमने झाकलेल्या भागावर, खाजरे लाल फोड उठतात, काहींत पूही दिसतो. कोरडेपणाची खाज त्याच दिवशी सुरू होते, ही मात्र उशिरा येते. बहुतेकदा तो पुरळ आपोआप ओसरतो, पण ताप आला, फोड वाढले किंवा आठवड्याभरात उतार पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. आणि तलावाच्या कार्यालयातही कळवावं, कारण त्याच बॅचमधल्या आणखी काही मुलांच्या अंगावर तसेच फोड असण्याची शक्यता असते.