जमिनीचे उतारे आणि संगणकीय संकल्पना-मांडणी

एकाच जातीच्या अभिलेखास प्रांतोप्रांती निरनिराळी नावे आहेत. महाराष्ट्रातील सातबारा गोव्यात ‘नमुना १ व १४’, बेळगावकडे ‘पहाणी’ अथवा ‘आर. टी. सी.’, तर इंदूरकडे ‘खसरा’ होतो. हे उतारे आता संकेतस्थळांवर मिळतात. परंतु संगणक निव्वळ अक्षरे जुळवितो, अर्थ नव्हे.

ही उणीव ‘ऑन्टॉलॉजी’ने, म्हणजे संकल्पनांच्या संबंधदर्शक मांडणीने, भरून काढता येते. तीत भूखंड, खातेदार, कूळ, बोजा, पीक या संकल्पना व त्यांचे परस्परसंबंध नोंदवून प्रांतिक नावे त्यांस जोडतात. सदस्य राष्ट्रांचे कायदे परस्परांस जोडण्यासाठी युरोपीय संघाने २०१२ साली ‘ई. एल. आय.’ ही अशाच धर्तीची योजना पुरस्कारिली. तिचा स्वीकार ऐच्छिक आहे.

समानार्थी शब्दांची यादी मात्र येथे पुरत नाही. सातबारा व खसरा भूखंडवार असतात. मध्य प्रदेशची ‘बी-१’ खतौनी खातेदारवार असल्याने तिची जोडी महाराष्ट्राच्या ‘८-अ’ उताऱ्याशी लागते, सातबाऱ्याशी नव्हे. ही जोडणी चुकून खतौनीच्या जागी सातबारा पुढे आल्यास, इंदूरच्या वारसास महाराष्ट्रातील वडिलोपार्जित जमिनीचा एकच गट दिसेल आणि उरलेले गट वाटणीच्या अर्जातून सुटतील. सबब संगणकतज्ज्ञांनी केलेली प्रत्येक जोडणी त्या त्या राज्याच्या महसूल कर्मचाऱ्यांकडून तपासून घेणे अगत्याचे आहे.