बदली खेळाडू (भाग ६): पिपची डोकेदुखी

आज अटलांटाच्या २०२१ च्या संघाबद्दल लिहीन असं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतोय. निमित्त सांगलीच्या एका वाचकांच्या पत्राचं. ते लिहितात, "बुडत्या संघाने मोठा तारा विकत घेण्याआधी तळाचे खेळाडू बदलावेत, असं तुम्ही पहिल्या भागापासून सांगताय. पण बेसबॉलमधली सगळ्यांत गाजलेली बदली तर डोकं दुखल्यामुळे झाली! वॉली पिपने सुट्टी मागितली आणि लू गेरिग आत आला. यात हिशेब कुठे आला?"

प्रश्न बिनतोड आहे, आणि पिप हा माझा जुना लाडका विषय. तेव्हा आज फक्त पिप.

ज्यांनी ही गोष्ट ऐकलेली नाही त्यांच्यासाठी चार ओळी. २ जून १९२५. न्यूयॉर्क यांकीजचा पहिल्या बेसवरचा खेळाडू वॉली पिप डोकं धरून अ‍ॅस्पिरिन शोधत होता. मॅनेजर मिलर हगिन्स म्हणाला, आज बस तू, या पोराला खेळवू. तो पोरगा म्हणजे गेरिग. तो जो उभा राहिला तो १९३९ पर्यंत हललाच नाही. सलग २,१३० सामने. पिपला ती जागा पुन्हा मिळाली नाही. किरकोळ दुखण्यासाठी विश्रांती मागणाऱ्या खेळाडूला अमेरिकेत आजही पिपचं नाव ऐकवतात. खुद्द पिपनेही उतारवयात हा किस्सा रंगवून सांगितला, त्यामुळे तो पक्का झाला.

आता त्या दिवशीची यांकीजची लाइनअप समोर घ्या. पहिल्या बेसवर पिपऐवजी गेरिग. दुसऱ्या बेसवर एरन वॉर्डऐवजी हॉवर्ड शँक्स. कॅचर वॉली शँगऐवजी बेनी बेंगॉ. एका दिवसात तीन बदल. तिघांची डोकी एकदमच दुखायला लागली होती, असं मानायचं का?

हगिन्सने त्या दिवशी संघाची झाडाझडती घेतली, इतकाच याचा अर्थ. आणि तशी वेळही आली होती. यांकीज १९२३ चे विजेते, १९२४ मध्ये दुसरे. १९२५ चा मोसम उजाडला तोच वाईट. बेब रूथ एप्रिलमध्ये आजारी पडला, पोटाची शस्त्रक्रिया झाली, १ जूनला तो मैदानावर परतला. तोवर संघ तळाला लागलेला. रूथ आला की सगळं सुरळीत होईल, अशी आशा लोक धरून होते. हगिन्स मात्र त्या आशेवर बसून राहिला नाही. रूथ नसल्यामुळे हरतोय ही सबब सोयीची असते. तिच्या आड इतर आठ जण लपतात. रूथ परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने तिघांना बसवलं, हे मला त्या वर्षातलं सगळ्यांत शहाणपणाचं काम वाटतं.

खरं तर बदल त्याच्याही आधी सुरू झाले होते. शॉर्टस्टॉप एव्हरेट स्कॉट तेव्हाचा विक्रमवीर, सलग १,३०७ सामने खेळलेला. मे महिन्याच्या सुरुवातीला हगिन्सने त्यालाही बाहेर बसवलं आणि पी वी वॅनिंजर नावाच्या नवख्याला उभं केलं. आणि गंमत बघा, गेरिगची सलग सामन्यांची मोजणी २ जूनपासून सुरू होतच नाही. ती १ जूनपासून होते. त्या दिवशी तो एका फटकेबाजीपुरता आत आला होता, तोही या वॅनिंजरच्या जागी. म्हणजे स्कॉटची जागा ज्याने घेतली त्याच्याच जागी येऊन गेरिगने स्कॉटचा विक्रम मोडायची सुरुवात केली. कादंबरीकाराने हे लिहिलं असतं तर संपादकाने खोडलं असतं.

आता हिशेबाकडे वळू, कारण पत्राचा रोख तिकडे आहे.

पिप ३२ वर्षांचा होता. तो ऐरागैरा नव्हता. १९१६ आणि १९१७ अशी लागोपाठ दोन वर्षं अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक होमरन त्याचे होते. आदल्याच वर्षी त्याची सरासरी २९५ होती (म्हणजे हजार प्रयत्नांमागे २९५ हिट) आणि १९ ट्रिपल्स मारून तो लीगमध्ये पहिला आला होता. १९२५ च्या जूनमध्ये सरासरी २४४ वर उतरली. ऐकायला ही घसरण भयंकर वाटते. पण २९५ आणि २४४ यांच्यातलं अंतर म्हणजे शंभर प्रयत्नांमागे पाच हिट. पिपचे तोवर दीडशेच्या आसपास प्रयत्न झाले होते. म्हणजे सगळा फरक सात-आठ फटक्यांचा. यातले चार चेंडू दोन हात इकडे पडले असते आणि तीन क्षेत्ररक्षकांचा पाय घसरला असता, तर पिप 'फॉर्मात' ठरला असता.

म्हणूनच केवळ सरासरी पाहून खेळाडू काढणाऱ्या मॅनेजरवर माझा विश्वास नाही. चाळीस सामन्यांत नशीब कुठलं आणि उतार कुठला, हे आकड्यांतून कळत नाही. मग पाहायचं काय? दोन गोष्टी. जागा कुठली आहे, आणि बाकावर कोण बसलंय.

पहिला बेस ही फटकेबाजाची जागा. तिथे धावपळ कमी, थ्रो पकडायचे हे मुख्य काम. त्यामुळे तिथे उभ्या असलेल्या माणसाने बॅटने कमावून दिलंच पाहिजे. शॉर्टस्टॉपने २४४ मारले तर एक वेळ चालतं. त्याचं हातकाम पदरात पडत असतं. पहिल्या बेसवर २४४ म्हणजे दर सामन्यात घरातून खर्च.

आणि बाकावर होता गेरिग. कोलंबिया विद्यापीठातून आलेला, बाविसावं अजून सरायचं होतं. १९२४ मध्ये हार्टफर्डला खालच्या दर्जाच्या लीगमध्ये त्याने ३७ होमरन मारले होते. अशा पोराला बाकावर बसवून ठेवणं ही चैन जिंकणाऱ्या संघाला परवडते. तळाच्या संघाला नाही. पिप संपला होता की नाही, हा प्रश्नच हगिन्सला सोडवायचा नव्हता. मोसम हातातून गेल्यात जमा होता. पोराला उभं करून पाहण्यात गमवायचं काहीच नव्हतं. गेरिगने त्या दिवशी पाच प्रयत्नांत तीन हिट मारले, आणि यांकीजने वॉशिंग्टनला ८-५ असं हरवलं.

इथे पडदा पाडला की गोष्ट गोड होते. पण पुढचं वाचा. १९२५ मध्ये यांकीज ६९ सामने जिंकले, ८५ हरले आणि आठ संघांत सातवे आले. गेरिगने त्या मोसमात २९५ च्या सरासरीने २० होमरन मारले, तरी सातवे. आणि त्या दिवशीच्या बाकी दोन बदलांचं काय झालं, हे कोणी विचारत नाही. शँक्स चौतिशीचा, वॉशिंग्टन आणि बोस्टन फिरून आलेला. दुसऱ्या भागात आपण 'बदली-पातळी' पाहिली होती; कुठल्याही संघाला कधीही, जवळजवळ फुकट मिळेल असा खेळाडू. शँक्स त्याचा नमुना. वॉर्ड लवकरच आपल्या जागी परतला आणि ते शँक्सचं शेवटचं वर्ष ठरलं. बेंगॉने शँगचं बरंचसं काम घेतलं, ठीकठाक केलं. पण १९२६ मध्ये त्या जागेवर मुख्यतः तिसराच माणूस उभा होता, पॅट कॉलिन्स.

तीन बदल. एक फसला, एक तात्पुरता भागला, एक गेरिग निघाला. त्या सकाळी हगिन्सला यातला कुठला कोणता, हे ठाऊक असणं शक्य नव्हतं. माझं म्हणणं एवढंच आहे की तळाच्या संघाने बदल एकेक करत बसू नये. तिघांना उभं केलं म्हणून एक गवसला. आणि यांकीज तिथेही थांबले नाहीत. पुढच्या मोसमापर्यंत वॅनिंजरच्या जागी मार्क केनिग आला, दुसऱ्या बेसवर टोनी लाझेरी. हा लाझेरी १९२५ मध्ये पॅसिफिक कोस्ट लीगच्या लांबलचक मोसमात ६० होमरन मारून आला होता. १९२६ मध्ये ९१ विजय आणि लीगचं पहिलं स्थान. १९२७ मध्ये ११० विजय. सातव्या क्रमांकापासून तिथपर्यंत दोन वर्षं.

मग डोकेदुखी आली कुठून? ती खरीच होती, फक्त महिनाभर उशिरा. २ जुलैला सरावात पिप फलंदाजी करत असताना चार्ली कॉल्डवेल या नवख्याचा चेंडू त्याच्या डोक्याला लागला आणि पिपला रुग्णालयात हलवावं लागलं. तेव्हा हेल्मेट नव्हती. पुढे हाच कॉल्डवेल प्रिन्स्टनचा नामवंत फुटबॉल प्रशिक्षक झाला. दोन्ही प्रसंग सांगता सांगता एकमेकांत मिसळले असणार, आणि परिणाम आधी व कारण नंतर, असा उलटा क्रम लोकांनी सरळ करून टाकला.

या माराचं पिपला काय वाटलं असेल, याचा विचार करताना मला १६ ऑगस्ट १९२० आठवतो. त्या दिवशी यांकीजच्या कार्ल मेजचा चेंडू क्लीव्हलँडच्या रे चॅपमनच्या डोक्याला लागला. आवाज असा झाला की चेंडू बॅटला लागला असं वाटून मेजने तो उचलला आणि पहिल्या बेसकडे फेकला. तो थ्रो घ्यायला तिथे पिपच होता. चॅपमन दुसऱ्या दिवशी गेला. अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये चेंडू लागून झालेला हा एकमेव मृत्यू.

पिप मात्र वाचला, आणि खेळलाही. यांकीजनी त्याला सिनसिनाटीला विकलं. १९२६ मध्ये तिथे त्याची सरासरी २९१ होती, ९९ धावा त्याच्या फटक्यांवर आल्या आणि सिनसिनाटी अवघ्या दोन सामन्यांच्या फरकाने दुसरं आलं. शँगही सेंट लुईस ब्राउन्सकडे जाऊन तीनशेच्या वर गेला. म्हणजे दोघेही संपलेले नव्हते! तरीही हगिन्सचा निर्णय बरोबरच होता. काढलेला खेळाडू दुसरीकडे चमकला की आपल्याकडे लगेच निवड समितीला शिव्या सुरू होतात. पिपला सिनसिनाटीत सूर सापडला, पण यांकीजकडे तोवर गेरिग होता.

तेव्हा सांगलीकरांना उत्तर: हिशेब होता. सरासरीचा नव्हता, बाकावर कोण आहे याचा होता.

अटलांटा पुढच्या आठवड्यात, नक्की. मोसमाच्या मध्यावर त्यांनी चार आउटफिल्डर गोळा केले, त्यातला एडी रोसारिओ तर घेतला तेव्हा दुखापतीमुळे खेळतही नव्हता. त्याच्या बदल्यात क्लीव्हलँडला कोण मिळालं आणि त्याचं त्यांनी काय केलं, हे वाचकांनी तोवर शोधून ठेवावं.