उपकेंद्राशेजारचें घर

गेल्या पौषांत राळेगावाहून माझ्या पुतण्याचा निरोप आला : "काका, घर पाहिलें आहे. आई-बाबांना पसंत आहे, किंमतहि आवांक्यांतली आहे. पण मागल्या अंगास विजेचें उपकेंद्र आहे. आजी म्हणते, लहान पोरांना घेऊन तेथें राहावयाचें नाहीं. तुम्ही एकदां येऊन पाहा."

दादांच्या निवृत्तीची सारी पुंजी या सौद्यांत जावयाची होती. नऊ माणसांचें कुटुंब आजवर भाड्याच्या घरांत दिवस काढीत आलेलें. पुतण्यांपैकीं एकाचें लग्न झालेलें, दुसऱ्याचें व्हावयाचें. तेव्हां प्रश्न लहान नव्हता. अशीच अडचण आज पुष्कळ तालुक्यांच्या गांवीं पडते. म्हणून आम्ही तो कसा सोडविला, तें येथें सांगतों.

उपकेंद्र म्हणजे विजेचें उतारघर. दूर अंतरावर वीज न्यावयाची तर ती उच्च दाबानें न्यावी लागते. दाब जितका जास्त, तितका प्रवाह कमी लागतो व तारा तापून होणारी नासाडीहि कमी होते. आमच्या पाहण्यांतील उपकेंद्रांत ३३ हजार व्होल्टनें येणारी वीज ११ हजारांवर उतरवून गांवांत व शेतांवर धाडीत. हें काम करणारें यंत्र तें रोहित्र.

आईची भीति निराधार होती असें कोणीं समजूं नये. १९७९ सालीं अमेरिकेंतील डेन्व्हर शहरांत वर्थायमर व लीपर या संशोधकांनीं, विजेच्या जाड वाहिन्यांजवळ राहणाऱ्या मुलांत कर्करोगाचें प्रमाण अधिक दिसतें, असें प्रसिद्ध केलें. तेव्हांपासून जगभर शोध चालला. पुढें अनेक देशांचे आंकडे एकत्र केल्यावर असें दिसलें कीं, ज्या घरांत चुंबकीय क्षेत्र सरासरीनें ०·४ मायक्रोटेस्लाहून अधिक, अशा थोड्या घरांतील मुलांत रक्ताचा कर्करोग सुमारें दुपटीनें आढळतो. मुळांत हा रोग विरळा, आणि त्याचें कारण हें क्षेत्रच, असें सिद्ध झालेलें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००२ च्या ग्रंथांत या क्षेत्रास 'कदाचित् कर्करोगकारक' या वर्गांत घातलें. त्याच वर्गांत पूर्व आशियांतील खारवलेल्या भाज्याहि आहेत! हें मी सांगतांच वहिनींनीं लोणच्याच्या बरणीकडे पाहिलें. त्या भाज्या निराळ्या, असें सांगून मीं त्यांची समजूत घातली.

मुख्य गोष्ट अंतराची. रोहित्राचें चुंबकीय क्षेत्र त्याच्यापासून दूर जातांना फार झपाट्यानें ओसरतें. कुंपणाबाहेर जें उरतें तें बहुधा आंत-बाहेर जाणाऱ्या तारांचें असतें. विटांच्या भिंतीनें विद्युत्‌ क्षेत्र अडतें, चुंबकीय अडत नाहीं. म्हणून तर्क करण्यापेक्षां मोजणें बरें. पुतण्यानें एका अभियंता मित्राकडून मापक आणविला. मुलांच्या निजण्याच्या खोलींत कांटा त्या ०·४ च्या पुष्कळ खालीं राहिला. आई म्हणाली, "बरें तर. त्या भीतीचें ओझें उतरलें. आतां बाकीचें पाहा."

बाकीचें पाहूं लागलों तेव्हां खरी गोष्ट कळली. आम्ही रात्रीं दहा वाजतां पुन्हां गेलों. रोहित्राचा लोखंडी गाभा सेकंदास शंभर वेळां कंप पावतो, त्याचा घुमणारा आवाज दिवसां ऐकूं आला नव्हता, तो रात्रीं परसांत स्पष्ट येत होता. निवासी भागांत रात्रींची मर्यादा ४५ डेसिबल आहे. हा आवाज तिच्या आंतच असावा. तरी हलक्या झोपेच्या माणसास तो जाचलाच असता. उपकेंद्राजवळ वीज जात नाहीं, हा समजहि शेजाऱ्यांनीं हंसत खोडून काढला. आपलें घर ज्या वाहिनीवर, त्या वाहिनीचें नशीब आपलें.

परंतु निकाल लागला तो छतावर. उपकेंद्रांतून निघालेली ३३ हजार व्होल्टची एक वाहिनी घराच्या वरून जात होती. केंद्रीय विद्युत्‌ प्राधिकरणाच्या सुरक्षा-नियमांप्रमाणें अशी तार इमारतीच्या सर्वांत उंच भागापासून किमान ३·७ मीटर उंच, किंवा बाजूनें जात असेल तर किमान २ मीटर दूर हवी. वीज कंपनीच्या कार्यालयांत अर्ज दिल्यावर तेथील माणसांनीं येऊन मोजलें. काठी लावून कोणीं स्वतः मोजूं नये. तें प्राणावर बेतावयाचें. तार जमिनीपासून सुमारें ८ मीटर, छताचा कठडा ४ मीटर. म्हणजे आजचें घर नियमांत बसत होतें. पण अगदींच कांठावर. शिवाय आमचें माप पौषांतलें. वैशाखांतल्या विदर्भाच्या उन्हांत तार तापून लांबते आणि अधिक लोंबते. नियमांतील अंतर त्या सर्वाधिक लोंबकळीच्या वेळेचें धरावयाचें असतें.

आणि वर मजला चढविणें तर अशक्यच. तीन मीटरांचा मजला उठला कीं तार व कठडा यांत एकच मीटर उरणार. अशी वाढ करण्यापूर्वीं कंपनीस व विद्युत्‌ निरीक्षकास लेखी कळवावें लागतें, आणि तार हलवून घ्यावयाची तर तिचा खर्च बांधणाऱ्यानेंच सोसावयाचा. दादा बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "धाकट्याचें लग्न झाल्यावर तो राहील कोठें?" खाली वाढण्यास जागा नव्हती. संक्रांतीस पोरें याच गच्चीवर पतंग घेऊन चढणार, हेंहि सर्वांच्या मनांत आलें.

जातां जातां पायाकडेहि पाहिलें. या भागांतली काळी कपाशीची जमीन पावसांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते. उथळ पायाच्या भिंतींना तडे जातात. दोन भिंतींवर नव्या रंगाखालीं तिरकी रेघ दिसत होती. सारे उपकेंद्राकडे पाहत असल्यामुळें ती आधीं कोणाच्या दृष्टीस पडली नव्हती.

घर घेतलें नाहीं. उपकेंद्राच्या भयानें नव्हे, तर तें घर आमच्या कुटुंबास पुढें पुरणार नव्हतें म्हणून. उलट, दोघांचाच संसार असता, घर वाहिनीपासून नीट अंतरावर असतें आणि पाया भक्कम असता, तर खुशाल घ्या, असेंच मीं सांगितलें असतें. अशा घरापाशीं आलेल्या वाचकांनीं सातबारा व अकृषिक परवानगी तर पाहावीच; पण एकदां रात्रीं जाऊन उभें राहावें, तारांचें अंतर लेखी मोजून घ्यावें, आणि दहा वर्षांनीं घरांत माणसें किती असतील याचा हिशेब आधीं मांडावा. दादा आतां गांवाच्या दुसऱ्या अंगास एक घर पाहत आहेत. आईनें विचारलें तें इतकेंच, "वर तार नाहीं ना?"