विश्लेषण : कळलावी ओळखायची कशी? फुलाआधी पानाचे टोक पाहा

पावसाळ्यात करंजाडेहून कर्नाळा किंवा प्रबळगडाकडे जाताना झुडपांवर ज्वाळेसारखे लाल-पिवळे फूल दिसले, तर ती बहुधा कळलावी. दिसायला देखणी, पण कंदापासून बियांपर्यंत विषारी. म्हणून ती फुलण्याआधीच ओळखता यायला हवी.

ही वनस्पती कोणती?

शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. अग्निशिखा, खड्यानाग ही तिचीच नावे. भारत आणि आफ्रिकेत ती मूळची आहे. तमिळनाडूचे हे राज्यफूल, तर झिम्बाब्वेचे राष्ट्रीय फूल. खडकाळ उतारावर उन्हाळ्यात तिचा मागमूस नसतो, पण जमिनीखाली कंद जिवंत असतो. पाऊस पडला की कोंब फुटतो, श्रावण-भाद्रपदात वेल फुलते आणि पावसाळ्यानंतर सुकते. कंद नांगरासारखा, म्हणून संस्कृतात ‘लांगली’.

खुणा कोणत्या?

पान : देठ जवळपास नसतो, शिरा समांतर असतात. टोक निमुळते होत स्प्रिंगसारखे वळते आणि त्यानेच वेल आधार पकडते.

फूल : सहा नागमोडी पाकळ्या मागे वळलेल्या. सुरुवातीला हिरवट-पिवळ्या, नंतर लाल. मधला स्त्रीकेसर बुडाशीच जवळपास काटकोनात वळलेला.

मोबाइलवर फोटो काढताना फुलाबरोबर पानाचे टोकही घ्या.

गफलत कुठे होते?

धोका कंदाचा. तो रताळे किंवा करांदा समजून खाल्ल्याने विषबाधा होते. करांद्याची वेल खोडानेच आधाराला वेढे घालते. तिची पाने हृदयाच्या आकाराची असतात आणि टोकाला ताणा नसतो. मात्र वेल सुकल्यावर ही खूण उरत नाही. त्यामुळे अनोळखी कंद खाऊ नये, हेच खरे.

विष किती घातक?

यातील कोल्चिसिन गाऊट या संधिविकारावर अत्यल्प मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. कंद पोटात गेल्यास काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, पुढे अवयव निकामी होऊन मृत्यूही ओढवू शकतो. प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी पूर्वी हा कंद वापरत, त्यावरून ‘कळलावी’ हे नाव पडले. असा घरगुती प्रयोग आज जिवावर बेतू शकतो. कुणी कंद खाल्ल्यास लक्षणांची वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करा आणि वनस्पतीचा तुकडा रुग्णालयात सोबत न्या.

मग ती उपटून टाकावी का?

नाही. ती इथलीच आहे. औषधासाठी कंद खणल्याने अनेक ठिकाणी तिची संख्या घटली आहे. कर्नाळा तर अभयारण्य आहे, तिथे वनस्पती तोडण्यास बंदी आहे. लांबून पाहा, फोटो काढा, वेल तिथेच राहू द्या.