व्यावसायिक डेटाबेससाठी सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम निवडताना

‘लिनक्स चांगले की विंडोज?’ हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. पण व्यवसायाला मुळात ऑपरेटिंग सिस्टीम नको असते, त्याला बिले, साठा आणि उधारी सांभाळणारा डेटाबेस हवा असतो. म्हणून सुरुवात वरून करावी लागते: आधी सॉफ्टवेअर, मग त्याला लागणारा डेटाबेस आणि शेवटी ऑपरेटिंग सिस्टीम.

समजा, औषधांच्या एका घाऊक विक्रेत्याचे बिलिंग सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हरवर चालते. हा डेटाबेस २०१७च्या आवृत्तीपासून लिनक्सवरही मिळतो, पण त्याच्यासोबतच्या रिपोर्टिंग सर्व्हिसेस मात्र विंडोजवरच चालतात. मालकाला रोजचे अहवाल त्यातूनच हवे असतील तर निवड जवळपास झालीच. ओरॅकलचे उदाहरण आणखी बोलके आहे. ओरॅकल १९सी हा डेटाबेस ओरॅकल लिनक्स, रेड हॅट आणि सुसे यांवर प्रमाणित आहे. उबुंटू त्या यादीत नाही. खटपट करून तो उबुंटूवर बसवता येईलही. पण ‘चालतो’ आणि ‘प्रमाणित आहे’ यांतला फरक अडचणीच्या दिवशी कळतो, कारण प्रमाणित नसलेल्या जोडीसाठी कंपनीकडून मदत मिळेल असे धरून चालता येत नाही. पोस्टग्रेस किंवा मारियाडीबी असेल तर जवळजवळ सगळे पर्याय खुले राहतात, आणि पुढचे मुद्दे खऱ्या अर्थाने तेव्हाच कामाला येतात.

पहिला मुद्दा लिहिण्याचा. डेटाबेसने ‘कमिट झाले’ असे सांगितले की नंतर वीज गेली तरी ती नोंद टिकली पाहिजे. पण डेटाबेस सहसा थेट डिस्कवर लिहीत नाही. तो मजकूर कर्नलकडे देतो, कर्नल तो आधी मेमरीत ठेवतो, आणि ‘आता हे डिस्कवर नक्की पोहोचव’ असे सांगण्यासाठी डेटाबेस एफसिंक ही हाक देतो. म्हणजे सगळा व्यवहार कर्नलच्या उत्तरावर विसंबून असतो. २०१८ मध्ये पोस्टग्रेसच्या विकासकांच्या ध्यानात आले की या उत्तरात एक खोच आहे. लिनक्सवर डिस्कवर लिहिणे फसले तर एफसिंक चूक कळवते, पण कर्नल मेमरीतले ते पान ‘लिहून झालेले’ म्हणूनही मोकळे करू शकतो. डेटाबेसने पुन्हा हाक दिली की उत्तर येते: सर्व ठीक. मजकूर मात्र डिस्कवर नसतो! फेब्रुवारी २०१९च्या सुधारित आवृत्त्यांपासून पोस्टग्रेस अशा वेळी पुन्हा प्रयत्न करत नाही. तो स्वतःला थांबवतो आणि आपल्या व्यवहारवहीतून नोंदी नव्याने उभ्या करतो. फ्रीबीएसडीचा कर्नल अशा प्रसंगी वेगळा वागतो: न लिहिले गेलेले पान तो तसेच राखून ठेवतो. प्रत्येक कर्नलचे असे स्वभाव असतात, म्हणून डेटाबेसच्या विकासकांनी ज्या कर्नलवर सर्वाधिक चाचणी केली आहे, तोच घेणे शहाणपणाचे.

मेमरीचा मुद्दा थोडक्यात. लिनक्स प्रक्रियांना प्रत्यक्षात असलेल्या मेमरीपेक्षा जास्त मेमरी कबूल करू शकते. सगळ्यांनी एकदम ती मागितली की कर्नल एखादी प्रक्रिया ठार करतो, आणि सर्वांत जास्त मेमरी वापरणारी प्रक्रिया बहुधा डेटाबेसचीच असते. पोस्टग्रेसची अधिकृत मार्गदर्शिका त्यामुळेच ही ढिलाई आवळणारी ‘ओव्हरकमिट २’ ही मांडणी सुचवते. विंडोज अशी जास्तीची कबुली देतच नाही. तिथे मागणी सरळ नाकारली जाते.

आता वर्षांचा हिशेब मांडा. कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे कंपनीला हिशेबाची पुस्तके किमान आठ आर्थिक वर्षे जपून ठेवावी लागतात. उबुंटूच्या एलटीएस आवृत्तीला मूळ आधार पाच वर्षांचा, रेड हॅट आणि विंडोज सर्व्हरला साधारण दहा. म्हणजे माहितीचे आयुष्य बहुतेकदा ऑपरेटिंग सिस्टीमपेक्षा मोठे असते, आणि आज जी निवडाल ती कधीतरी बदलावी लागणारच. शिवाय जाहीर केलेली मुदत पाळली जाईलच असेही नाही. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत आधार मिळेल या भरवशावर अनेकांनी ती बसवली होती. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने जाहीर केले की ती ३१ डिसेंबर २०२१ लाच थांबेल. गंमत अशी की जुनी सेंटओएस ७ त्यानंतरही जून २०२४ पर्यंत चालली. त्या पोकळीतून रॉकी लिनक्स आणि अल्मा लिनक्स उभ्या राहिल्या, म्हणून लोकांना निदान शेजारी सरकायला जागा मिळाली. माझ्या मते हीच कसोटी किमतीपेक्षा मोठी आहे: पुरवठादाराने हात वर केले तर तुमच्या सिस्टीमच्या शेजारी दुसरी सुसंगत सिस्टीम आहे का?

बदलाच्या दिवशीचा एक धोका अभ्यासक्रमात सहसा येत नाही. मजकुराचा क्रम कसा लावायचा, हे पोस्टग्रेस अनेकदा ऑपरेटिंग सिस्टीमच्या सी-लायब्ररीला विचारतो. २०१८ मध्ये आलेल्या ग्लिबसी २.२८ मध्ये हे नियम बदलले. अमेरिकी इंग्रजीच्या मांडणीत पूर्वी ‘११’ आधी आणि ‘१-१’ नंतर येत असे (इंग्रजी अंकांत लिहिलेले). आता उलटे येते. इंडेक्स म्हणजे क्रमाने लावलेली यादीच. डेबियन ९ वरच्या डेटाबेसच्या फायली जशाच्या तशा डेबियन १० वर नेल्या तर यादी जुन्या क्रमाची आणि शोध नव्या क्रमाने, असे होते. बिल तक्त्यात असूनही शोधात सापडत नाही. त्याहून वाईट म्हणजे एकच बिल क्रमांक दोनदा नोंदवला जातो आणि युनिक इंडेक्स त्याला अडवत नाही. कुठलीही चूक पडद्यावर दिसत नाही.

यावर उपाय दोन. एक, फायली न उचलता डम्प घेऊन नव्या सर्व्हरवर तो भरायचा; इंडेक्स आपोआप नव्याने बनतात. दुसरा, फायली न्यायच्याच असतील तर मजकुराच्या स्तंभांवरचे इंडेक्स ‘रीइंडेक्स’ने पुन्हा बांधायचे, तेही वापर सुरू होण्याआधी. बिल क्रमांकांसारख्या स्तंभांना सुरुवातीपासूनच ‘सी’ क्रम दिला तर प्रश्न उद्भवत नाही, कारण तो फक्त बाइट मोजतो. ग्राहकांच्या देवनागरी नावांना मात्र तो देऊ नका: युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये बसतो, मराठी वर्णमालेत ‘ह’च्या नंतर.