पंप खडखडतो, तेव्हा…

पावसाळ्यात शिवथरघळीच्या धबधब्याचा आवाज कानाला गोड लागतो. उन्हाळ्यात महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतल्या विहिरी तळ गाठू लागल्या, की वेगळाच आवाज ऐकू येतो: आत खडे भरल्यासारखा खडखडणारा पंप. अशा वेळी आधी बेअरिंगवर संशय जातो. मूळ दुखणे अनेकदा इंपेलरपाशी, म्हणजे पंपातल्या फिरत्या पंख्यापाशी असते.

इंपेलर पाणी बाहेर फेकतो, त्यामुळे मध्यभागी दाब घटतो आणि हवेचा दाब विहिरीतले पाणी वर ढकलतो. ही ताकद अमर्याद नाही. तत्त्वतः पाणी सुमारे 10 मीटर चढते, व्यवहारात 6-7 मीटरच धरावे. पातळी त्याखाली गेली, तर इंपेलरच्या तोंडाशी गार पाण्यालाही उकळी फुटते. वाफेचे बुडबुडे जास्त दाबाच्या जागी जाऊन झटक्याने मिटतात. खडखड त्यांचीच; पात्यांना खड्डेही तेच पाडतात. इंपेलरचे तोंड पुरेसे रुंद असेल, तर हा त्रास उशिरा सुरू होतो. मात्र ते वाजवीपेक्षा मोठे असल्यास कमी प्रवाहात पाणी आतच उलटे फिरते आणि पंप थरथरतो.

दुसरे कारण तोल. मिनिटाला 2900 फेरे घेणाऱ्या इंपेलरवर मध्यापासून 10 सेंटिमीटरवर फक्त 10 ग्रॅम वजन जास्त असले, तरी सुमारे 9 किलो वजनाइतका ओढा सेकंदाला 48 वेळा दिशा बदलत फिरतो. बेअरिंग त्यानेच झिजते.

तिसरे कारण पात्यांची संख्या. सहा पाती असतील, तर कवचाच्या जिभेसमोरून सेकंदाला सुमारे 290 वेळा पाते जाते, गुणगुण त्याची. पाते आणि जीभ यांतले अंतर फार कमी असेल, तर ती वाढते.

निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. घराशेजारी रात्रभर चालणारा पंप झोपमोड करतो, ती तक्रार क्षुल्लक नव्हे.

डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळल्यावर खडखड कमी झाली, तर दोष बहुधा बुडबुड्यांचा. मग फूटव्हॉल्व्ह साफ करावा, पंप पाण्याजवळ आणावा किंवा पाणबुडी पंप बसवावा. सक्शनचा व्हॉल्व्ह मात्र कधीही आवळू नये. पंप बदलताना केवळ अश्वशक्ती सांगू नका. उन्हाळ्यातली पाण्याची खोलीही सांगा.