सांहा रस्त्यावरील खानावळ

क्यूबा बेटाची राजधानी हवाना. तेथील एका रस्त्यास ‘सांहा’ म्हणतात. स्पॅनिश भाषेत याचा अर्थ चर किंवा पाट. नदीचे पाणी नगरात आणणारा जो पाट १५९२ मध्ये पुरा झाला, त्याची स्मृती या नावात आहे. याच रस्त्यावर, रायो रस्त्याच्या कोपऱ्याला, १८५८ साली चुंग लेंग नावाच्या चिनी गृहस्थाने लहानशी खानावळ उघडली. एका खानावळीची ती काय मातब्बरी, असे कोणी म्हणेल. परंतु तिचे मोल कळण्यास थोडे मागे जावयास हवे.

उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. म्हणून ३ जून १८४७ रोजी ‘ओकेंदो’ जहाजातून पहिले दोनशेवर चिनी मजूर हवानास उतरले. करार आठ वर्षांचा, वेतन दरमहा चार पेसो. आपल्याकडील गिरमिटियांचीच ही कहाणी! १८७४ पर्यंत सुमारे सव्वा लाख चिनी असे आले. त्यांच्या हालअपेष्टांची चौकशी करण्यास त्याच वर्षी चीनचे शिष्टमंडळ क्यूबात गेले, आणि १८७७ च्या तहाने ही मजूरभरती बंद झाली.

करार संपला तरी मुक्तता सोपी नव्हती. १८६० च्या नियमांनी तर नवा करार करा किंवा बेट सोडा, असे बंधन घातले. अशा काळात स्वतःची चूल मांडून चार माणसांना जेवू घालणे म्हणजे स्वतःचा धनी होणे होय. चुंग लेंगला लुईस पेरेस हे दुसरे, स्पॅनिश नावही होते. दोन नावांचा हा मनुष्य दोन्ही जगांत वावरत होता.

त्या खानावळीभोवती हळूहळू दुकाने वाढली, आणि तेथे ‘बार्रिओ चीनो’, म्हणजे चिनी पेठ, वसली. परतलेला भात क्यूबन घरांतही रुळला. पुढे १९६८ मध्ये सरकारने लहानसहान खाजगी दुकानेही ताब्यात घेतली, तेव्हा पेठेची रया गेली. १९९० नंतरच्या दशकात तिचा जीर्णोद्धार झाला व ‘कुचिल्यो’ या चिंचोळ्या गल्लीत चिनी खाणावळी पुन्हा गजबजल्या. मात्र चीनमध्ये जन्मलेले वृद्ध आता तेथे फार थोडे उरले आहेत.

विद्यार्थिमित्रहो, इतिहास केवळ राजवाड्यांत घडत नाही. परक्या भूमीत पेटलेल्या एका चुलीच्या धुरातही तो दडलेला असतो. आपल्या गावच्या जुन्या खानावळीत पुढील खेपेस बसाल, तेव्हा ती कोणी व कोठून येऊन मांडली, एवढे अवश्य विचारा.